बिड्डा म्हणू नकोस!

परवा लातूरहून देगलूरला निघाले होते. एस.टी.त शेजारी एक मुलगी बसली होती. पाठीवर जडशीळ सॅक, हातात ‘नीट’च्या प्रश्नसंचांचं पुस्तक. लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या हजारो मुलींपैकी एक. उदगीर सोडल्यावर तिचा मोबाइल वाजला. ‘‘हो, बसले. हो, जागा मिळाली,’’ असं अगदी छापील मराठीत बोलली. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, ओढणी कानाशी घेतली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि हळू आवाजात तेलुगू सुरू केलं. बोलताना चेहरा असा काही उजळला होता! फोन ठेवून वळली तर मी बघतच होते. ती ओशाळली. ‘‘आजी होती,’’ एवढंच म्हणाली, जणू काही चूकच झाली होती तिची.

मी म्हटलं, ‘‘अगं, बोल की मोठ्यानं. माझी आईसुद्धा तेलुगूच बोलायची.’’

‘‘मग तुम्हाला येतं?’’ तिनं विचारलं.

मला उत्तर देता येईना. कारण खरं उत्तर होतं, ‘यायचं. मीच घालवलं.’

माझं माहेर देगलूरचं. आईचं माहेर बिचकुंद्याकडचं. १९५४ साली, पंधराव्या वर्षी आई लग्न होऊन देगलूरला आली. तेव्हा बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन्ही मंडळं देगलूर तालुक्यातच होती. म्हणजे लेक दिली ती तालुक्यातल्या तालुक्यात, बैलगाडीच्या वाटेवर. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. जुन्या नावाच्या शेवटी ‘अम्मा’ होतं, ते गेलं आणि ‘बाई’ आली. एका अक्षरावरून तिची सासरची भाषा ठरली.

पुढं दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद संस्थानाचे सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. कागदावर किती सोपा हिशेब! पण जमिनीवर भाषा अशा आखीव कुठं असतात? देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल मंडळं आंध्रात गेली. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसा, कुबेरचा भाग तिकडं गेला. आदिलाबादचा किनवट तालुका इकडं आला. बिदर जिल्हा तर तिघांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याकडं, जहीराबाद-नारायणखेड आंध्राकडं आणि खुद्द बिदर-भालकी म्हैसूरकडं. आज लातूर जिल्ह्यात असलेली ही तीन गावं आधी बिदरची, मग उस्मानाबादची आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातूरची झाली. गाव जागेवरच होतं, पत्ता तेवढा बदलत राहिला.

आई म्हणायची, ‘‘मी कुठं गेले नाही गं. माझं माहेरच परमुलखात गेलं.’’ माहेरच्या पत्रावर राज्याचं वेगळं नाव आलं, एस.टी.चा रंग बदलला, पाटीवरची अक्षरं बदलली. तिचा भाऊ दिवाळीला आला की सांगायचा, पोरं आता शाळेत तेलुगूच शिकतात. इकडं आम्ही मराठी शिकत होतो. मामेबहिणींच्या आणि आमच्या खेळात भाषेची अडचण कधी आली नाही, पण पत्र लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की, एकमेकींना लिहायला आमच्याकडं एक लिपीच नाही.

आमच्याकडची मांजरा नदी मला नेहमी आईसारखी वाटते. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम पावते, लातूरला पाणी पाजते, कर्नाटकात बिदरकडं जाते, तेलंगणात जाऊन निजामसागर भरते आणि पुन्हा वळून देगलूर-बिलोलीच्या शिवेवर येते, गोदावरीला मिळते. ती कुठल्या राज्याची म्हणायची?

आमच्या अंगणात एका सकाळी तीन भाषा सहज होऊन जायच्या. बांगडीवाली यायची, तिच्याशी आई दखनीत बोलायची. ‘‘नक्को माँ, ये रंग नक्को. हराच दिखाव.’’ हे ‘नक्को’ आपल्या मराठी ‘नको’वरून तिकडं गेलेलं आणि ‘हराच’मधला ‘च’सुद्धा आपलाच. लखनौच्या उर्दूत तो सापडायचा नाही. भाजीवालीशी मराठी, तेही आमच्याकडचं, ‘‘काय करायलीस गं? कुठं जायलीस?’’ असं. आणि आम्हा पोरांना जवळ घेताना तेलुगू. लाडात आली की ती मला ‘बिड्डा’ म्हणायची. बिड्डा म्हणजे लेकरू. वडील निजामाच्या काळात शाळा शिकलेले, त्यांची सही उर्दूत. त्या शेतातल्या कामाच्या नोंदी ते मोडीत करायचे आणि आम्हाला पाढे मराठीत शिकवायचे. यात काही विशेष आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.

लातूरला सासरी आले तेव्हा वाटलं, आता मी शुद्ध मराठी मुलखात आले. मार्गशीर्षातली अमावस्या आली आणि सारं घर भल्या पहाटे शेतावर निघालं. कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील, खीर. लातूर-धाराशिवकडची ही ‘येळवस’, कागदोपत्री वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, कलेक्टर सुटी देतात. सासूबाईंना विचारलं, येळवस म्हणजे काय हो? म्हणाल्या, ‘‘आपला सण.’’ पुढं एका कानडी मैत्रिणीनं सांगितलं, ‘‘अगं, ही तर आमची एळ्ळ अमावास्या!’’ शेतात आंबील शिंपताना जे शब्द मोठ्यानं म्हणतात, त्यांचा अर्थ सासूबाईंना ठाऊक नव्हता, कारण ते शब्दच मुळात कानडी वळणाचे. अर्थ माहीत नसलेले शब्द त्या चाळीस वर्षं श्रद्धेनं म्हणत आल्या होत्या.

भाजीचंही तसंच. आईची गोंगुरा, सासूबाईंची अंबाडी आणि सीमेवरच्या जावेची पुंडी. पातेल्यात एकच.

हे सारं आता किती गोड वाटतं लिहायला! पण तेव्हा गोड नव्हतं. १९७८ साली मी कॉलेजसाठी नांदेडला आले, वसतिगृहात राहू लागले. आई भेटायला आली. दारातूनच हाक मारली, ‘‘बिड्डा!’’ खोलीतल्या मुली हसल्या. दुसऱ्या दिवसापासून माझं नावच ‘बिड्डा’ पडलं. त्यात वाईट काय होतं? आज वाटतं, काहीच नाही. पण सोळा-सतराचं वय. जेवणाच्या ताटावरून हाक, आंघोळीच्या रांगेत हाक. मी रडून रडून हैराण. पुढच्या वेळी आई आली तेव्हा मी तिला फाटकावरच गाठलं आणि म्हटलं, ‘‘मुलींपुढं मला बिड्डा म्हणू नकोस. तेलुगू बोलूच नकोस.’’

आई एवढंच म्हणाली, ‘‘बरं.’’

आणि खरंच, त्यानंतर तिनं मला कधीही बिड्डा म्हटलं नाही. घरीसुद्धा नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं. मी मराठीत चांगले गुण मिळवले, इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, लातूरला कॉलेजात शिकवू लागले. ‘मॅडम, तुम्ही मराठवाड्याच्या वाटत नाही हं,’ असं पुण्याच्या कुणी म्हटलं की मी मनातून फुलायची. ही शाबासकी नसून दुसरंच काही आहे, हे कळायला फार वर्षं गेली.

कळलं ते एका परदेशी पुस्तकामुळं. एम.ए.च्या वर्गाला अमेरिकेतलं नवं साहित्य शिकवायचं होतं. त्यात ग्लोरिया अँझाल्दुआ या लेखिकेचं ‘बॉर्डरलँड्स’ हे १९८७ सालचं पुस्तक हाती आलं. ही बाई १९४२ मध्ये टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला जन्मली, रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात, शेतमजुरांच्या घरात. घरची भाषा स्पॅनिश, शाळेची इंग्रजी. शाळेच्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना सापडली म्हणून बोटांवर पट्ट्या खाल्लेल्या. पुढं विद्यापीठातसुद्धा तिच्यासारख्या मुलामुलींना उच्चार ‘सुधारण्याचे’ वर्ग सक्तीचे होते. आपण एकूण किती भाषा बोलतो, याची तिनं पुस्तकात यादीच केली आहे. पुस्तकी इंग्रजी, कामगारांची इंग्रजी, पुस्तकी स्पॅनिश, मेक्सिकोची स्पॅनिश, सीमेवरची सरमिसळ बोली... आणि तिनं पुस्तकही तसंच लिहिलं. इंग्रजी चालू असताना मध्येच स्पॅनिश, गद्य चालू असताना मध्येच कविता. वाचणाऱ्याला अडलं तर अडू दे, असं तिचं म्हणणं. आयुष्यभर आम्हीच तुमच्या भाषेत येत राहिलो, थोडं तुम्हीही आमच्याकडं या.

वर्गात शिकवण्याआधी इतिहास सांगायचा म्हणून फळ्यावर लिहिलं, १८४८. त्या वर्षी अमेरिका आणि मेक्सिकोचं युद्ध संपलं, तह झाला आणि मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख अमेरिकेत गेला. तिथली माणसं सांगतात की, आम्ही सीमा ओलांडून आलो नाही, सीमाच आमच्यावरून गेली. लिहिता लिहिता खडू थांबला. १८४८! आणि आपलं हैदराबाद संस्थान भारतात आलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. बरोबर शंभर वर्षांनी. आणि ‘माझं माहेरच परमुलखात गेलं’ हे आईचं वाक्य तर मी लहानपणापासून ऐकत होते! ते वाक्य ऐकून मी कधी वहीत लिहून घेतलं नव्हतं. तेच टेक्सासहून छापून आलं तेव्हा मला ते साहित्य वाटलं.

(दोन्हींत फरक आहे, तोही सांगायला हवा. तिथं मुलूख जिंकून घेतला होता आणि बाहेरून आलेल्यांची भाषा वरचढ झाली. आपल्याकडं लोकांनी निजामाविरुद्ध लढून, मागून घेतलेली मुक्ती होती आणि प्रांतरचना ही तर लोकांचीच मागणी. पण रेषेच्या काठावरच्या घराला काय वाटतं, ते दोन्हीकडं सारखंच.)

त्या तासाला शेवटच्या बाकावर देगलूरकडचीच एक मुलगी बसायची. वर्षभर तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी तास संपल्यावर मागं आली. ‘‘मॅडम, हे पुस्तक त्या बाईनं लिहिलं, पण हे आमच्या आजीचं हाय.’’ म्हटलं, ‘‘मग वर्गात का नाही बोललीस?’’ तिनं जे उत्तर दिलं, ते मी आजतागायत विसरले नाही. ‘‘मॅडम, फर्स्ट इयरला वक्तृत्व स्पर्धेत मी भाग घेतला होता. तुम्ही परीक्षक होता. माझा विषय चांगला झाला, पण उच्चार अशुद्ध म्हणून गुण कापले, असं तुम्ही बक्षीस समारंभात सांगितलं. तवापासून बोलत नाही.’’

मला ती स्पर्धा आठवत होती. भाषण आठवत नव्हतं, गुण कापलेले आठवत होते. टेक्सासच्या पट्टीवर मी वर्गात रागानं बोलले होते आणि तशीच पट्टी माझ्याही हातात होती.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून सँड्रा सिस्नेरोसचं ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ वाचलं. १९८४ सालची छोटीशी कादंबरी. शिकागोत वाढणारी, मेक्सिकन घरातली एस्पेरांझा नावाची पोर. तिला आपल्या घराची लाज वाटते आणि नावाचंही ओझं वाटतं. इंग्रजीत त्या नावाचा अर्थ आशा, पण स्पॅनिशमध्ये त्यात वाट बघण्याचं दुःखही मिसळलेलं. नाव पणजीचं आहे. पणजी मोठी मानी बाई, पण लग्नानंतर आयुष्य खिडकीत बसून काढलं. एस्पेरांझाला नाव चालेल, खिडकीतली जागा नको. माझी विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘आपल्याकडं उलटं हाय मॅडम. नाव काढून घेतेत आणि खिडकी तीच देतेत.’’ मला तांदळाचं ताट आठवलं.

म्हणूनच ‘मिश्र संस्कृती’ हा शब्द कुणी फार कौतुकानं म्हटला की मी जरा सावध होते. मिसळ झाली म्हणजे सगळं समान झालं, असं नाही. भाषा विहिरीवर एकत्र येत होत्या, पण त्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हतं. रझाकारांच्या काळात गावं सोडून रानात राहिल्याच्या आठवणी आमच्या घरात होत्या. आणि सप्टेंबर १९४८ नंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं, त्याच्या आठवणी आमच्या बांगडीवालीच्या घरात होत्या. त्याची पाहणी करायला त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, बिदर, नांदेड आणि गुलबर्गा ही नावं घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. आईनं आणि बांगडीवालीनं याबद्दल एकमेकींशी कधी चर्चा केल्याचं मला आठवत नाही. पण दर सणाला ती आली की आई तिला आधी पाणी द्यायची, मग हात पुढं करायची. हिरव्याच बांगड्या दोघीही पसंत करायच्या. विश्वास पुन्हा कसा बसवायचा हे त्यांना कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

आपल्या मातीत अशी माणसं काही कमी झाली नाहीत. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी बघा. मराठी इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. फारसी-उर्दूवर प्रभुत्व, तेलुगू-कानडी अवगत आणि आदिलाबादकडं नोकरीत असताना गोंडांची भाषा शिकून तिचं व्याकरण लिहिलं. ज्या माणसांवर अधिकारी म्हणून जायचं, त्यांची भाषा आधी शिकायची, असा त्यांचा रिवाज. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म सिंदगीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. आयुष्य मराठवाड्यात शिक्षक आणि हैदराबादच्या लढ्याचे पुढारी म्हणून गेलं, आणि त्यांच्याच नावाचं विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झालं. लातूरचे कवी फ. म. शहाजिंदे यांनी मुसलमान असणं आणि मराठीत लिहिणं यांत विरोध नाही, हे कवितेतून सांगितलं. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात १९९० साली सोलापुरात झाली, त्यामागं हाच विचार होता. नांदेडला गुरुद्वाराच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली शीख घरं आहेत. त्यांच्या बायकांची पंजाबी, दखनी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकायला मिळते. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडात आले तिथपासूनचा हा धागा.

आणि पी. व्ही. नरसिंह राव! पंतप्रधान म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण या तेलुगू माणसानं हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली, ‘अबला जीवितम्’ नावानं. पुण्याच्या वाड्यात कोंडलेली, विधवा होऊन केस गमावलेली आपली यमू तेलुगूत बोलली. माझ्या मामेबहिणीनं ती तेलुगूत वाचली होती आणि मी मराठीत. पत्र लिहायला लिपी नसलेल्या आम्ही दोघी एका लग्नात भेटलो आणि यमूसाठी रात्रभर हळहळलो.

बायकांत मला वाजिदा तबस्सुम आठवतात. १९३५ साली आपल्या अमरावतीत जन्मल्या, हैदराबादेत गेल्या आणि उर्दूत कथा लिहिल्या. नवाबांच्या हवेल्यांतल्या मोलकरणींच्या तोंडी त्यांनी दखनी ठेवली, तिला इस्त्री केली नाही. त्यांच्या ‘उतरन’ या कथेतली मोलकरणीची मुलगी आयुष्यभर मालकिणीचे उतरलेले कपडे घालते आणि शेवटी असा सूड घेते की वाचणारा हादरतो. मीरा नायरनं त्या कथेवरून १९९६ साली चित्रपट बेतला. याच मीरा नायरनं पुढं झुंपा लाहिरीच्या ‘नेमसेक’वर २००६ साली चित्रपट केला, तो आपण सगळ्यांनी तब्बूसाठी पाहिला. अमेरिकेत मुलाचं नाव काय ठेवावं, यावरून झालेली घालमेल पाहून आपले डोळे भरले. मग देगलूरच्या आईच्या नावातला ‘अम्मा’ गेला, त्यासाठी का नाही भरले?

हे मी दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच विचारते. मराठवाड्याच्या साहित्यानं दुष्काळ सांगितला, शेतकरी सांगितला, गावकुसाबाहेरचं जगणं सांगितलं. तीन भाषांच्या घरात स्वयंपाक केलेल्या बाईचं पुस्तक, त्याच तीन भाषांत, मला अजून वाचायचं आहे.

दरम्यान, भाषांनी आमचा सूडही घेतला आहे, थट्टेनं म्हणते. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून घरोघरच्या ट्रंका उघडल्या. आजोबांचे दाखले, सेतवार, खासरा पत्रकं. उघडून बघतात तर अक्षरं उर्दू आणि मोडी! आपल्या आजोबांनी आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय, हे वाचायला नातवंडांना कुणीतरी वाचणारा शोधावा लागला. आरक्षणाचा प्रश्न त्याच्या जागी, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला दिसतं ते एवढंच की, जी लिपी परकी म्हणून आपण माळ्यावर टाकली, तिच्यातच आपली ओळख लिहिलेली निघाली.

वडिलांची ट्रंक मीही उघडली. त्यांची सही मला वाचता आली नाही, पण तिचं वळण लगेच ओळखलं.

२०१३ च्या उन्हाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडला दवाखान्यात दोन आठवडे होती. वाचा गेली होती, ती हळूहळू परत आली. पण परत आली ती तेलुगूत. साठ वर्षं जी भाषा ती सासरी बोलली, ती जणू कुणी पुसून टाकली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणची भाषा खोल रुतलेली असते. आई बोलत होती आणि मला कळत नव्हतं. ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी, एवढं आठवलं, ते मी देत राहिले. बाकी ती काय मागत होती, काय सांगत होती, मी नुसती ‘हो हो’ करत होते. आपल्याच आईपुढं आपण परक्या मुलखातले! तो एक दिवस मी तिला फाटकावर जे सांगितलं होतं, ते आता माझ्याच वाट्याला आलं होतं.

वॉर्डात एक मावशी होत्या, बिलोलीकडच्या. एका दुपारी फरशी पुसता पुसता थांबल्या, आईजवळ गेल्या, तिचं ऐकलं आणि मला म्हणाल्या, ‘‘ताई, ‘इंटिकि पोदाम’ म्हणायल्यात. घरी जाऊ म्हणायल्यात.’’

कुठलं घर? बिचकुंद्याचं की देगलूरचं? मी मावशींना म्हटलं, विचारा ना. त्यांनी विचारलं, ‘‘ए ऊरु, अम्मा?’’ कुठलं गाव?

आईनं मावशींकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. गावाचं नाव काही घेतलं नाही. म्हणाली, ‘‘बिड्डा.’’

पस्तीस वर्षांनी. वॉर्ड माणसांनी भरलेला होता. या वेळी कुणी हसलं असतं तरी चाललं असतं.

आई त्याच पावसाळ्यात गेली. जाण्याआधीचे दोन महिने मी मावशींकडून शिकून शिकून तिच्याशी मोडकंतोडकं तेलुगू बोलले. वहीत मांडून ठेवलेले शब्द अजून आहेत, देवनागरीतच. भूक, झोप, दुखतंय का, ऊन लागतंय का, मी इथंच आहे. एवढ्याशा शब्दांत किती बोलता येतं!

ती शेवटच्या बाकावरची मुलगी आता सीमेवरच्याच एका शाळेत शिक्षिका आहे. तिच्या वर्गात मराठी, तेलुगू, दखनी आणि लंबाडी बोलणारी पोरं आहेत. पहिल्या दिवशी ती फळ्यावर भाकरी काढते आणि प्रत्येकाला विचारते, ‘‘तुझी आई हिला काय म्हणते?’’ फळा भरतो. मग प्रमाण मराठीतला शब्दही ती शिकवतेच, कारण पोरांना परीक्षा द्यायची आहे, पुढं जायचं आहे. ‘‘पण मॅडम, गुण कुणाचेच कापत नाही,’’ असं म्हणून हसते. हा टोला मला असतो आणि तो मी घेते. शिक्षकानं दोन्ही करावं, प्रमाण भाषा शिकवावी आणि घरच्या भाषेची लाज शिकवू नये. मला एकच जमलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी आई, आजी, सासू असेल. तिच्या तोंडी एखादा ‘इकडचा नसलेला’ शब्द येत असेल. वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी, कानडी, दखनी, काहीही. मुलांपुढं तिला दुरुस्त करण्याआधी एकदा तो शब्द कुठून आला, तेवढं विचारा. जमलं तर लिहून ठेवा. उद्या तुम्हालाच लागेल.

एस.टी. देगलूरच्या स्टँडवर लागली. मुलगी सॅक सावरत उतरली. फलाटावर एक म्हातारी काठी टेकत उभी होती, बहुधा तीच फोनवरची आजी. तिनं भर स्टँडवर नातीला मोठ्यानं हाक मारली. कुठली हाक, ते सांगायला नको. मुलीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मग तिनंही तितक्याच मोठ्यानं ओ दिली.